पाय धुऊन घेताना

नोव्हेंबरच्या अखेरीस सावंतवाडीहून जुन्या गोव्याला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंमध्ये यंदा मी प्रथमच सामील झाले. संत फ्रान्सिस झेवियरची नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, २४ तारखेला सुरू होते आणि ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे सण असतो. त्या दिवसांत सिंधुदुर्गातून आणि बेळगाव-खानापूरकडून पुष्कळ मंडळी ‘गोंयच्या सायबा’च्या दर्शनाला चालत निघतात. आमची वाट बांदा, पत्रादेवी, धारगळ, म्हापसा अशी, सुमारे ७० किलोमीटरांची होती.

मी २२ वर्षे परिचारिका आहे. त्यामुळे औषधांची पिशवी साहजिकच माझ्या खांद्यावर आली आणि पहिल्या दिवशी कुणाला मलम लाव, कुणाच्या घोट्याला पट्टी बांध, असे करत मी चालत राहिले. लोक माझ्यासाठी थांबत, मला हाक मारत, आणि ते मला मनापासून आवडत होते, हे कबूल केलेच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी धारगळच्या अलीकडे माझ्याच टाचांना फोड आले. मी कुणाला सांगितले नाही. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू असताना मी हळूहळू मागे पडत गेले, आणि आमच्या गटातल्या वेंगुर्ल्याकडच्या मासळी विकणाऱ्या मावशींनी ते बरोबर हेरले. रस्त्यालगतच्या एका घराच्या पडवीत त्यांनी मला बसवले. त्या घरच्या बाईंनी, आमची ओळखदेख नसताना, चुलीवरचे ऊन पाणी बादलीत ओतून दिले. मावशींनी त्यात मूठभर मीठ टाकले आणि त्या माझ्यासमोर खाली बसल्या.

मी पाय मागे ओढले. “मावशी, तुम्ही नको, माझे मी करते,” असे दोनदा म्हणाले. त्या शांतपणे म्हणाल्या, “गप रव गो बाय. दुसऱ्यांचे पाय धुतस मां? मग आज तुझे धुवक दी.” वर्षानुवर्षे बर्फात आणि खाऱ्या पाण्यात राहून त्यांचे तळहात चरबट झाले होते, बोटांच्या पेरांवर कोयतीचे जुने वण होते, पण फोडाच्या कडेने त्यांचे बोट फिरले ते इतके हलके, की माझ्या डोळ्यांत पाणी आले.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमधल्या मिस्सेत, म्हणजे सामुदायिक उपासनेत, पाय धुण्याचा विधी मी लहानपणापासून पाहत आले आहे. येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो, त्या मूळ प्रसंगात शिष्य पेत्र प्रभूला आधी साफ नकार देतो, हे मी त्याच्या आदरापोटीचे समजत असे. त्या पडवीत बसल्यावर मात्र मला वाटले, त्या नकारात थोडा अहंकारही असावा. देणाऱ्याचा हात वर असतो. घेताना तो खाली धरावा लागतो, आणि तो खाली धरायला मी कधी शिकलेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी रायबंदरच्या जुन्या बांधावरून, दोन्ही बाजूंना पाणी ठेवून चालताना मनात झेवियर होता. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला तो पोपचा प्रतिनिधी म्हणून. तरीही मानाचे घर सोडून तो इस्पितळात रुग्णांजवळ राहिला. एरवी मला त्याची सेवा आठवली असती. या वेळी मला त्याचे ते साधे राहणे, कुणी देईल त्यावर भागवणे अधिक जवळचे वाटले. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिका या चर्चजवळच्या मांडवात मी मावशींच्या खांद्याचा आधार घेऊन मिस्सेला बसले.

आमच्या वॉर्डात एक आया आहे. तिला मी जुन्या साड्या दिल्या, मुलाच्या वह्यांना पैसे दिले. ती मात्र दुपारी रोज डबा पुढे करायची आणि मी रोज “माझे झाले” म्हणायचे. कामावर परतले त्या दिवशी तिने सवयीने डबा पुढे केला. मी हात धुतले, तिच्या शेजारी बाकावर बसले आणि अर्धी भाकरी मोडून घेतली. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि मग घाईघाईने सुकटीची चटणी माझ्या बाजूला सरकवत म्हणाली, “तिखट लागेल हं, सिस्टर, जपून खा.”