गोधडीतला भात

गेल्या थंडीत ऐन स्वयंपाकाच्या वेळी सिलिंडर संपला. आधणात तांदूळ वैरून झाले होते, पाच-सात मिनिटं कढही आले होते, आणि शेगडीने मान टाकली. दुसरा सिलिंडर यायला दोन दिवस. मी कपाळाला हात लावून उभी. सासूबाईंनी मात्र पातेल्यावर ताटली घट्ट बसवली, भोवती जुना टॉवेल गुंडाळला, पातेलं लाकडी पाटावर ठेवलं आणि पलंगावरची स्वतःची गोधडी उचलून आणली.

"अहो आई, अंथरुणातली गोधडी?"

"मग? तिला काय भाताचं वावडं आहे?"

त्या तासाभरात मी तीनदा गोधडीपाशी गेले. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "सारखं उघडू नकोस गं, तो काय पळून जातोय?" आणि खरंच, तासाने ताटली काढली तर वाफाळलेला भात, शीत न् शीत शिजलेलं. बुडाला लागलेला तर नाहीच.

कराडकडच्या त्यांच्या जुन्या घरात चुलीच्या तोंडावर भाकरी व्हायची आणि शेजारच्या वैलावर, म्हणजे त्याच जाळावर तापणाऱ्या बाजूच्या तोंडावर, आमटी आपली आपण शिजायची. आमटीसाठी वेगळं लाकूड कुणी घातलं नाही. भाकरी झाल्या की निखाऱ्यावर दूध, दुधानंतर उरलेल्या फुफाट्यात रताळी. एकाच जाळाला सगळ्या घराने पुरवून पुरवून वापरलेलं. आमच्या ओट्यावर मात्र प्रत्येक पदार्थाला स्वतंत्र बर्नर लागतो, आणि तो विझला की उरलेली ऊब खिडकीतून जाते.

नंतर मी जरा हिशेब मांडला. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला न्यायला साधारण ७० किलोकॅलरी लागतात. तेच सगळं पाणी वाफ करून उडवायला ५४०. उघड्या पातेल्यात उकळी आल्यावर गॅस कितीही मोठा ठेवा, पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही, नुसती वाफ जास्त होते. म्हणजे इतकी वर्षं मी भिंतीवरच्या टाइल्स शिजवत होते! डाळ-तांदळाला हवी असते ती टिकून राहिलेली उष्णता, आणि ती राखायला गोधडीसारखी वस्तू नाही. जुन्या लुगड्यांचे थर, थरांत अडकलेली हवा. विरजण आणि मटकीचे मोड याच उबेवर होतात, हे मला ठाऊक होतं. भात होईल, हे सुचलं नव्हतं इतकंच. महायुद्धांच्या काळात इंग्लंडमधल्या बायका पेंढ्याने भरलेल्या खोक्यात हेच करत. तिथे गोधडीच्या जागी पेंढा.

मग मला चेव आला. मसूर जमली. तासभर भिजवलेली मूगडाळ तर इतकी गळली की तिचं वरण नुसतं हलवून झालं. तुरीला आधी चांगली पंधरा मिनिटं उकळी द्यावी लागली आणि दोन तास झोपवावी लागली. हरभऱ्याने मात्र माझं नाक कापलं. पाहुण्यांसमोर उसळ वाढली आणि ताटात खडे वाजावेत तसा आवाज. राजमा मी या वाटेला नेतच नाही. त्याला निदान दहा मिनिटं खळखळून उकळी मिळाली नाही तर पोट बिघडतं. पातेलं भरलेलं हवं, हेही अनुभवाने कळलं. वाटीभर भात गोधडीत गुंडाळला तर तो शिजण्याआधीच गार होतो. आणि उघडल्यावर हाताला चटका बसेल इतकं गरम नसेल, तर पुन्हा उकळल्याशिवाय खायचं नाही.

अडचण एकच, या पातेल्याला शिट्टी नाही. कुकर कसा, तीन शिट्ट्या मोजल्या की आपण मोकळे. कुकरच्या नोकरीत सगळं वाजवून सांगितलं जातं. गोधडी गप्प असते. पहिले काही दिवस मला त्या शांततेत काही शिजतंय यावर विश्वासच बसेना. आता मी पातेलं गुंडाळून भाजी आणायला जाते, परत येताना खालच्या काकूंशी बोलत उभी राहते, आणि जिना चढताना गॅस बंद केला का, या विचाराने काळजाचा ठोका चुकत नाही.

गोधडीला आता हिंगाचा वास येतो. परवा धुवायला मागितली तर सासूबाई म्हणाल्या, "उद्या बघू, आत्ता आत मसूर आहे."