82 पाउंड हवा आणि ओलं पोतं

दादाला, म्हणजे आतेभावाला, 5.9 लिटरच्या डिझेल इंजिनातून 800 हॉर्सपॉवर हवी होती, तीही ड्रॅग शर्यतीच्या काही सेकंदांपुरती. त्यातली 150 नायट्रसची, म्हणजे बाटलीतून इंजिनात सोडायच्या नायट्रस ऑक्साइडची. हवा दाबून इंजिनात भरणारे टर्बो निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण गणित मला येतं असा घराण्यात समज आहे.

पहिली चूक लगेच झाली. 800 साठी किती हवा लागेल ते मोजलं: मिनिटाला शंभर पाउंड. पण नायट्रस आपला ऑक्सिजन सोबत आणतो (वजनाने 36 टक्के, हवेत जेमतेम 23). त्याचा भार कॉम्प्रेसरवर, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागावर, कशाला? 650 चा हिशेब धरला, 82 पाउंड निघाले.

टर्बो दोन लावायचे होते, मोठ्याने दाबलेली हवा धाकट्याने पुन्हा दाबायची. दादा म्हणाला, "मोठा टर्बो 16 पीएसआय (दाबाचं माप), धाकटा 14. झाले की 30!" अशा जोडणीत, म्हणजे कंपाउंडमध्ये, बेरीज नसते, गुणाकार असतो. मोठ्याचा प्रेशर रेशो (हवा किती पट दाबली) 2.2, धाकट्याचा 2, मिळून 4.4. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, इथली हवाच मुळात 13.8 पीएसआय. गुणलं, मूळचे 13.8 वजा केले, गेजवर 47. दादा गप्प.

खरा घोळ धाकट्याचा. दोघांमधून तेवढीच हवा जाते म्हणून मी दोन्ही मोठेच शोधत होतो. एका रात्री रामबागेतल्या घरी कॉम्प्रेसर मॅपवर (टर्बो किती हवा किती दाबाने पेलतो त्याचा आलेख) पेन्सिलने ठिपका मारताना ट्यूब पेटली: अरे, धाकट्याच्या तोंडाशी हवा आधीच दाबलेली येते! 82 ला 2.2 ने भागलं, मोठ्यातून ती 140 अंशांपर्यंत तापून निघते त्याची दुरुस्ती केली, उरले 44. आधी ठरवलेल्या टर्बोच्या मॅपवर हा ठिपका सर्ज लाइनला खेटून बसला; तिच्या पलीकडे हवा कमी पडून उलटी फिरते. तो भुंकतच राहिला असता. पैसे दिले नव्हते, हे नशीब.

वेस्टगेटवर, म्हणजे जास्तीचा धूर टर्बाइनला वगळून सोडणाऱ्या झडपेवर, केलेली कंजुषी मात्र भोवली. नायट्रस कॉम्प्रेसरमधून जात नाही, पण जळल्यावरचा सगळा धूर धाकट्याच्या टर्बाइनमधूनच (धुराने फिरणाऱ्या चाकातून) निघतो. बटण दाबलं, बूस्ट (हवेचा दाब) 47 आणि धूर जिथे गोळा होतो त्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये 90! 38 मिलिमीटरचा काढून 60 चा बसवला. त्याचा पाईप दोन टर्बाइनच्या मध्ये सोडला, म्हणजे वाट काढलेला वायू मोठ्याला फिरवतो. काटा 60 च्या खाली आला.

पुढची चाचणी मे महिन्यात. नायट्रस 36.4 अंशांच्या वर द्रव राहतच नाही, आणि तो सोडणारी बारीक तोंडं, जेट, तर द्रवाच्या मापाची. आमच्या मेकॅनिक उस्तादांनी बाटलीला ओलं पोतं गुंडाळलं आणि पाणी शिंपडायला भाच्याला बसवलं. दर पाच मिनिटांनी तो विचारायचा, "मामा, अजून किती?"