आमची वाटचाल: शेपटीतले चाळीस ग्रॅम

रिमोटवर उडणाऱ्या लाकडी मॉडेल विमानांचे भाग कापून पेटीत भरून विकायचे, हे आमचं काम. फोंड्याच्या आमच्या शेडमध्ये लेझर कटर आहे, फिल्म चढवायच्या दोन इस्त्र्या आहेत, पण धंदा चालतो तो म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या सोनारी काट्यावर. बाल्साची, म्हणजे या विमानांच्या हलक्या लाकडाची, एकही शीट त्या काट्यावर चढल्याशिवाय पुढे सरकत नाही. ९१५ बाय १०० बाय ३ मिलिमीटरची शीट ३२ ग्रॅमच्या आत भरली तर कोपऱ्यावर पेन्सिलीने 'शे', म्हणजे शेपटी. चाळीसपर्यंत 'फा', म्हणजे पंखाच्या फासळ्या. पन्नासच्या वर गेली की ती विमानात जात नाही, तिचे जिग, म्हणजे जोडताना भाग धरून ठेवायचे साचे, होतात. हा नियम २०२० नंतरचा. त्याआधी शीट अंगठ्याने दाबून बघायची आणि मान डोलवायची, एवढीच आमची परीक्षा.

आमचं विमान पहिल्यापासून एकच: हिंदुस्थान एअरक्राफ्टचं एचटी-२. १९५१ साली बंगळुरात उडालेलं, डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आरेखलेलं प्रशिक्षण विमान. मूळ पंखविस्तार १०.७२ मीटर, आमचा सहाव्या हिश्शाचा, १७८७ मिलिमीटर. लांबी १२५५, उड्डाणाला तयार वजन ३.४ किलो. बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय बघून आलेली पोरं थेट सी हॉक, नौदलाचं जुनं जेट, मागतात. त्यांना आम्ही नाही म्हणतो, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. एचटी-२ ला पंख खाली, चाकं कायमची बाहेर आणि नाक अरुंद, कारण मूळ इंजिन उलट्या, एका रांगेतल्या चार सिलिंडरचं. त्या नाकात ग्लो इंजिन, म्हणजे मॉडेलचं छोटं इंधनावरचं इंजिन, बसवलं तर त्याचं हेड बाहेर डोकावतं आणि सगळी शोभा जाते. म्हणून आम्ही विजेची मोटर देतो: सहा सेलची ५००० एमएएचची बॅटरी, नाकावरचा १५ बाय ८ इंचांचा पंखा, मोटरचा वेग सांभाळणारा ८० अँपिअरचा ईएससी. हजारेक वॅट पुरतात.

पहिली काही वर्षं बरी गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

बाल्सा येतो इक्वेडोरहून. २०२० च्या सुमारास जगभर पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी त्याला एवढी मागणी आली की हलकं लाकूड आमच्यासारख्यांच्या हाती लागेना आणि जे लागलं त्याचा भाव ऐकवेना. तेव्हा एका व्यापाऱ्याने 'तोच माल' म्हणून जो दिला तो आम्ही घेतला. शीटमागे पन्नास-पंचावन्न ग्रॅमचं कडक लाकूड. रंग गोरा, धार सुरेख, कापताना काही कळलं नाही. त्यातून चोवीस पेट्या भरल्या आणि पाठवल्या.

हिशेब साधा आहे, आम्ही तो उशिरा केला. शेपटी तोलबिंदूच्या ७८० मिलिमीटर मागे, आणि नाकात वजन टाकायची जागा जेमतेम २६० पुढे. म्हणजे शेपटीतला एक ग्रॅम नाकात तीन मागतो. शेपटीत ४० ग्रॅम जास्त आणि मागच्या धडाच्या शीटमध्ये ६०, एवढ्याला नाकात सव्वादोनशे ग्रॅम शिसं लागतं. त्यात आमची घोडचूक अशी की आराखड्यावर बॅटरीची जागा छापली होती. लोकांनी बॅटरी तिथेच ठेवली, तोल कुणी पाहिलाच नाही. सीजी, म्हणजे तोच तोलबिंदू, सतरा मिलिमीटर मागे सरकला. विमान जमीन सोडताच नाक वर काढायचं, एलिव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) जरा हलवला की उसळायचं आणि पहिल्याच वळणात एका पंखावर कोसळायचं. चोवीसातली नऊ पडली. 'यांचं डिझाइनच वाईट' हे ऐकत दीड वर्ष काढलं, आणि कटरचे हप्ते घरातल्या सोन्यावर भरले.

वास्कोचे काका, नौदलात विमान देखभालीत आयुष्य काढलेले, त्यांचंही पडलं. ते तक्रार घेऊन नाही आले. पडलेल्या शेपटीचे तुकडे पिशवीत भरून आणले, टेबलावर ओतले आणि म्हणाले, "बाब, काटा आहे मरे तुझ्याकडे?" तोपर्यंत नव्हता. आजही प्रत्येक नव्या लॉटची पहिली शेपटी त्यांच्याकडे जाते. पैसे ते पूर्ण देतात आणि घासाघीस मात्र पंख्यावर करतात.

आता आराखड्यात बॅटरीची जागा नाही, फक्त सीजी आहे: सरासरी कॉर्ड, म्हणजे पंखाची पुढून मागची रुंदी, २४८ मिलिमीटर, तिच्या पुढच्या कडेपासून ६२. पूर्वी आम्ही कॉर्डच्या २८ टक्के छापत होतो, आता पंचवीस. उडवून हात बसला की मागे सरका, दर खेपेला दोन मिलिमीटर.

विचारलं नाहीत तरी सांगतो. पंखाच्या मुख्य दांड्यांना (स्पार) जोडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे शिअर वेब, त्यांच्या लाकडाच्या रेषा उभ्याच हव्यात. आडव्या लावल्या की पंख लूपमध्ये मिटतो आणि दोष स्पारला जातो. शेपटी आणि फासळ्यांना सी ग्रेन (ताठ राहणारा काप), धडाच्या गोलाईला ए ग्रेन (सहज वाकणारा). उलटं केलंत तर एक चिरेल, दुसरं पिळवटेल. पंखाच्या टोकाला दोन अंश वॉशआउट, म्हणजे पुढची कड खाली नेणारा पीळ, जिगवरच ठेवा, नंतर इस्त्रीने पिळून आणलेला वॉशआउट एप्रिलच्या उन्हात परत जातो. फायरवॉल (मोटर बसते ती फळी) आणि चाकांचा ठोकळा तीस मिनिटांच्या एपॉक्सीनेच. गोव्याच्या पावसाळ्यात पातळ सुपरग्लू हवेतल्या ओलीनेच पटकन धरतो आणि सांध्याभोवती पांढरी बुरशी आल्यासारखी राख सोडतो. जून ते सप्टेंबर पंख जोडूच नका, चवथ होऊ दे. आम्ही त्या चार महिन्यांत फक्त कापतो आणि सिलिका जेल घालून पिशव्या बंद करतो.

उडवायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी, समुद्राचा वारा सुटायच्या आत. सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, मोकळा असतो, पण तिथले खडे पंख्याची धार खातात, सुटा पंखा जवळ ठेवा. दाबोळी आणि मोपा, दोन विमानतळांमुळे गोव्यात मोकळं आकाश थोडं. डिजिटल स्कायच्या, म्हणजे कुठे उडवता येतं ते दाखवणाऱ्या सरकारी, नकाशावर रंग बघितल्याशिवाय गाडीत विमान भरू नका. शेपटीचं चाक मागे असलेलं विमान आहे, हे विसरू नका: सुरुवातीला एलिव्हेटर ओढून धरा, वेग आला की हळू सोडा, उजवा रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) हाताशी ठेवा. मुख्य चाकं किंचित आत वळलेली हवीत, अंशभर पुरे. एलिव्हेटर वर-खाली १५ मिलिमीटर, एलेरॉन (पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्या) वर १८ आणि खाली १२, एक्स्पो (रिमोटची काठी मध्याजवळ मऊ करणारी सेटिंग) ३० टक्के. उतरताना थ्रॉटल एकदम बंद केलात तर खाली चाकं नाही, नाक टेकेल.

राहिला प्रश्न 'त्यांचा', दुसऱ्या पेटीवाल्यांचा. नाव घेत नाही, या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. आम्ही हप्ते भरत होतो त्याच काळात त्यांनी आमच्यापेक्षा तीस टक्के स्वस्त एचटी-२ काढलं. 'स्वतःचं संशोधन' असं पेटीवर लिहिलं. आमच्या पहिल्या आराखड्यात एफ-५ फ्रेमची, म्हणजे धडातल्या एका आडव्या चौकटीची, खाच ५.८ मिलिमीटरची होती, कारण तेव्हाचं 'सहा'चं बर्च प्लाय प्रत्यक्षात ५.८ भरायचं. पुढचा लॉट पुऱ्या सहाचा आला, दुसऱ्या छपाईत आम्ही खाच सुधारली. त्यांच्या पेटीत ती अजून ५.८ आहे, आणि प्लाय सहाचं.

त्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक फ्रेम बसत नाही म्हणून आम्हाला फोन करतं. फोनजवळच्या भिंतीवर लिहून ठेवलं आहे: एफ-५, दोन्ही बाजूंनी सारखी फाइल, एकूण ०.२, मग एपॉक्सी.