मोठी आच, मंद आच

स्टेक आणि चीजचा सॉस ताटात जितक्या गोडीगुलाबीने नांदतात, तितके शेगडीवर नांदत नाहीत. मांसाला धगधगती आच लागते, सॉसला नावापुरती. आणि तरी दोघांना एकाच तव्यात शिजवायचं असतं, कारण मांस भाजल्यावर बुडाला जी तपकिरी खरवड धरते, तिच्यातच सॉसचा अर्धा जीव असतो. दुसऱ्या भांड्यात केलेला सॉस बिघडत नाही, पण त्याची आणि मांसाची ओळख थेट ताटातच होते.

तुकडा तीन ते साडेतीन सेंटिमीटर जाडीचा घ्यावा. पातळ तुकड्याला बाहेरून रंग चढेपर्यंत तो आतून शिजून चिवट झालेला असतो. चरबीच्या जाळीचा रिबआय (बरगडीकडचा तुकडा) एरवी राजा खरा, पण क्रीम आणि चीज यायचंच असेल तर स्निग्धावर स्निग्ध होतं आणि चौथ्या घासाला जीभ कंटाळते. या सॉससोबत टेंडरलॉइन (कण्याच्या आतल्या बाजूचा तुकडा) किंवा सरलॉइन (कमरेकडचा) बरं. टेंडरलॉइन मऊ असतं, पण चवीला जरा अबोल. त्याला सॉसची खरी गरज असते.

मिठाची वेळ फार जणांची चुकते. ते एकतर तव्यावर टाकायच्या अगदी आधी लावावं, नाहीतर निदान पाऊण तास आधी. मधल्या दहा-वीस मिनिटांत मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं आणि ते पृष्ठभागावर नुसतं बसून राहतं. पुढे तेच खारं पाणी हळूहळू आत जिरतं. आदल्या रात्री मीठ लावून, जाळीवर, न झाकता फ्रिजमध्ये ठेवलं तर सगळ्यात उत्तम, कारण वरचा थर वाळतो. तीनशे ग्रॅमच्या तुकड्याला अर्धा लहान चमचा मीठ पुरे. चीज स्वतःचं मीठ घेऊन येणारच आहे.

वाळण्यावर एवढा जोर का? ओला पृष्ठभाग पाणी उडून जाईपर्यंत १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, आणि तपकिरी रंग, भाजका वास हे सगळं साधारण १४० अंशांच्या आसपास वेग घेतं. अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या या खेळाचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मायार याने १९१२ मध्ये केलं. कडक आचेवर भाजल्याने मांसाची छिद्रं बंद होऊन रस आत कोंडला जातो, ही समजूत त्याहून जुनी; एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिगने ती लोकप्रिय केली. ती खोटी आहे. तव्यावरचा चर्र आवाजच सांगत असतो की पाणी बाहेर पडतंय. भाजायचं ते चवीसाठी.

तवा जाड हवा, बिडाचा असला तर झकास. तेल उशिरा धुरणारं, तेही जेमतेम चमचाभर. लोणी सुरुवातीला घालू नये, त्यातले दुधाचे कण जळून काळे होतात. शेवटच्या मिनिटाला घालावं. तेलातून हलका धूर दिसू लागला की मांस कागदाने कोरडं टिपून टाकावं. एकदाच उलटायचं असा काही नियम नाही. दर मिनिटाला चिमट्याने उलटलं तर उष्णता दोन्हीकडून सारखी जाते आणि कडेला करड्या रंगाचा जाड पट्टा पडत नाही.

वेळ घड्याळाने मोजू नये, थर्मामीटरने मोजावी. टोक बाजूने मध्यापर्यंत खुपसावं. आतून गुलाबी, रसदार हवं असेल तर ५१-५२ अंशांना उतरवावं. बाहेरची उष्णता आत सरकून तापमान आणखी तीन-चार अंश चढतं. ६५ च्या पुढे तंतू आवळून पाणी पिळून काढतात, मग कितीही सॉस ओता, घास कोरडाच. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस मात्र ६३ अंश आणि तीन मिनिटांच्या विसाव्याची आहे. अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः वरच्या बाजूला असतात, म्हणून लोक त्याहून कमी शिजवण्याचं धाडस करतात. खिमा किंवा सुयांनी टोचून मऊ केलेलं मांस असेल तर ते धाडस करू नये.

आता मांस जाळीवर सात-आठ मिनिटं विसावू द्यावं, उघडं. घट्ट झाकलं तर स्वतःच्याच वाफेने खरपूस थर मऊ पडतो. सॉस करायला नेमकी हीच मिनिटं मिळतात.

तव्यातलं तेल ओतून टाकावं, चमचाभर राहू द्यावं. आच बंद करून मिनिटभर थांबावं. ही मिनिटभराची सबुरी हरवली की पुढचं सगळं बिघडतं. खरवड काळी झाली असेल तर मोह सोडून तवा धुवावा. कडूपणा क्रीमने झाकला जात नाही. मग मंद आचेवर एक लहान कांदा, अगदी बारीक चिरलेला. तो मऊ झाला की पाव कप वाइन किंवा स्टॉक (हाडं-मांस उकळून केलेलं पाणी) घालून लाकडी उलथण्याने बूड खरवडावं आणि दोन चमचे उरेपर्यंत आटवावं. आटवल्याशिवाय क्रीम घातलं तर सॉस पातळ आणि आंबट राहतो.

क्रीम १५० मिलिलिटर, ३५ टक्के स्निग्धांशाचं. त्यात स्निग्धांश भरपूर आणि केसीन (दुधातलं प्रथिन) कमी, म्हणून ते उकळलं तरी फुटत नाही; दूध किंवा हलकं क्रीम वाइनच्या आंबटपणाने फुटू शकतं. चमच्याच्या पाठीवर थर धरू लागलं की आच पूर्ण बंद. त्यानंतरच साठ ग्रॅम चीज, चुरून, दोन-तीन वेळा थोडं थोडं. चीज म्हणजे प्रथिनांच्या जाळ्यात धरलेली चरबी. जास्त तापलं की जाळं आवळतं, तेल सुटतं आणि खाली रवाळ चोथा उरतो. नुसतं तेल सुटलं असेल तर चमचाभर गार क्रीम घालून जोरात फेटल्यास सॉस सावरतो. चोथा झाला की उपाय नाही.

गोर्गोन्झोला या इटालियन निळ्या चीजचा मऊ प्रकार सहज विरघळतो. मेंढीच्या दुधाचं रोकफोर हे फ्रेंच निळं चीज अधिक तिखट, ते चाळीस ग्रॅम पुरे. पार्मेझान अगदी बारीक किसावं. मोझरेला नको, तारा सुटतात. पाकिटातलं किसलेलं चीजही नको. चिकटू नये म्हणून त्यावर लावलेली स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड सॉसमध्ये जिभेला जाणवते.

विसावलेल्या मांसाखाली साचलेला रस सॉसमध्ये घालावा, मिरी भरडून टाकावी आणि मीठ चाखल्यावरच ठरवावं. बहुतेक वेळा लागत नाही. सॉस वाटतो त्यापेक्षा थोडा पातळच ठेवावा, ताटात घट्ट होतो. मांस धाग्यांच्या आडवं कापावं. आणि सॉस वरून ओतू नये! इतक्या खटाटोपाने मिळवलेला खरपूस थर दोन मिनिटांत भिजतो. सॉस खाली पसरावा किंवा बाजूला वाटीत द्यावा, गरम केलेल्या ताटात. उरलाच तर दुसऱ्या दिवशी चमचाभर पाणी घालून अगदी मंद आचेवर हलवत कोमट करावा. उकळी फुटू देऊ नये.