मलाकालची रात्र आणि गावाकडचा फोन

खानापूर तालुक्यात लष्कर कुणाला नवीन नाही. बेळगावात कॅम्प आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आहे, मिलिटरी हॉस्पिटल आहे, आणि गावागावात एखादा पेन्शनर सुभेदार सकाळी पारावर पेपर वाचत बसलेला असतोच. कुणाची बदली झाली, कुणाची रजा कापली, कुणाचं प्रमोशन अडलं, या बातम्या आमच्याकडे सरकारी कागदाच्या आधी पोचतात. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये अधिकारी आहे, हे मात्र गावाला अजून नीट पचलेलं नाही. खांद्यावरचे कॅप्टनचे तीन तारे बघून आमचे सुभेदारकाका कडक सॅल्यूट ठोकतात आणि त्याच दमात विचारतात, "काय गे, इंजेक्शन द्याला येतंय न्हवं?"

संयुक्त राष्ट्रांच्या मिशनवर दक्षिण सुदानला निघाले तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, नकाशा काढून बसले. हा देश २०११ साली स्वतंत्र झाला आणि २०१३च्या डिसेंबरात तिथे यादवी पेटली. आमचं हॉस्पिटल मलाकालला, पांढऱ्या नाईलच्या काठावर. मिशनच्या भाषेत ते लेव्हल टू, म्हणजे वीसेक खाटा, दिवसाला तीन-चार ऑपरेशनं झेपतील एवढं थिएटर, लॅब, एक्स-रे. बहुतेक सगळं कंटेनरमध्ये. शेजारीच विस्थापितांची छावणी, तिथे हजारो माणसं ताडपत्रीखाली राहणारी.

रोजचं काम लोकांना वाटतं तसं रणांगणावरचं नव्हतं. सकाळी वॉर्डचा चार्ज घ्यायचा, ऑक्सिजन सिलिंडर मोजायचे, लशी आणि रक्त ठेवलेल्या फ्रिजचं तापमान लिहायचं, जनरेटर बदलताना व्हेंटिलेटरच्या बॅटरीवर डोळा ठेवायचा. जुलाब, ताप, पाठदुखी, गाडीच्या दारात सापडलेलं बोट. आपल्या तुकडीचा गुरांचा दवाखानाही मलाकालला होता, आणि आप्पांना माझ्या हॉस्पिटलपेक्षा त्याचीच चौकशी जास्त. तिथल्या लांब शिंगांच्या गाई दूध किती देतात, हे मी शेवटपर्यंत विचारून सांगितलं नाही याचा त्यांना अजून राग आहे.

पावसाळा लागला की तिथली काळी माती फुगते. आमच्या बैलहोंगल-सौंदत्तीकडचं रान असतं तशीच, बुटाला चिकटली की पाय उचलत नाही. रस्ते बंद होतात. अंधार पडल्यावर हेलिकॉप्टर नाही, आणि पाऊस असला तर दिवसाही भरवसा नाही. मिशनच्या कागदावर अत्यवस्थ पेशंटला वरच्या हॉस्पिटलला हलवण्याची सोय पक्की असते. जूनमधल्या पावसाळी संध्याकाळी ती फक्त कागदावरच असते.

अशाच एका संध्याकाळी साडेचारला अॅम्ब्युलन्समधून एक जवान आला. आमच्याच तळावरचा ड्रायव्हर. बरोबरचे सांगत होते, दोन दिवस ताप येत-जात होता, 'थंडीताप आहे, उतरेल' म्हणून पडून राहिला. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे, विचारलेल्याचं उत्तर नाही. रजिस्टरमध्ये नाव-पत्ता उतरवताना हात क्षणभर थांबला. बेळगाव जिल्हा, खानापूर तालुका. गाव जांबोटीच्या वरच्या अंगाचं. आमच्या गावाहून मोटरसायकलवर फार तर पाऊण तास.

थंडीताप आमच्याकडेही असतो, पण तो बहुतेक वेळा व्हायवॅक्स जातीचा मलेरिया. माणूस हुडहुडतो, घोंगडं घेऊन झोपतो, आठवड्याने उठतो. म्हणून आमच्या भागातली माणसं मलेरियाला पुरेशी भीत नाहीत. आफ्रिकेतला फाल्सिपेरम वेगळा, तो मेंदूपर्यंत जातो. लॅबवाल्याने स्लाइड बघितली आणि नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींमध्ये बारीक अंगठ्यासारखे परजीवी दिसतात. एकेका पेशीत दोन-दोन होते.

आर्टेसुनेट, म्हणजे मलेरियावरचं इंजेक्शन, तयार करणं हे घाईत करायचं काम नव्हे, पण असतं नेहमी घाईतच. ६० मिलिग्रॅमची कुपी, त्यात आधी १ मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेट. हलवलं की गढूळ होतं, मग हळूहळू नितळ. पुरतं नितळ झाल्याशिवाय पुढचं सलाइन घालायचं नाही, आणि गढूळच राहिलं तर फेकून द्यायचं. एकदा केलेलं औषध तासाभरात संपवायचं. हा ६२ किलोचा, म्हणजे १५० मिलिग्रॅमच्या आसपास, अडीच कुप्या. सव्वापाचला पहिला डोस सावकाश शिरेतून दिला. पहिल्यापासून बारा तासांनी दुसरा, चोवीस तासांनी तिसरा.

सातच्या सुमाराला त्याला झटका आला. कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला, झटका थांबवायला मिडाझोलाम दिलं, आणि बोटाला सुई टोचून साखर बघितली. ३८, म्हणजे फारच कमी. या आजारात परजीवी माणसाची साखर खाऊन टाकतात, आणि झटका बघून सगळ्यांचं लक्ष मेंदूकडे जातं. २५ टक्के डेक्स्ट्रोज दिल्यावर झटका थांबला, शुद्ध मात्र आली नाही. तेव्हापासून दर तासाला साखर, लघवीची पिशवी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होत चालला होता. त्याचं नाव डीआय लिस्टवर गेलं, म्हणजे धोकादायक आजारी असलेल्यांच्या यादीत. त्याचा सिग्नल पलटणीला जातो, आणि पलटण घरी कळवते. हे सगळं ठरलेल्या वाटेनेच जातं, मध्ये कुणी आपली फांदी लावायची नाही.

रात्री अकरानंतर तो बडबडू लागला. ड्यूटीवरचे डॉक्टर पंजाबचे. त्यांनी हिंदीत हाक मारली, काही समजण्यासारखं येईना. चार्टवर वाचेच्या रकान्यात त्यांनी दोन लिहिलं, म्हणजे नुसते अर्थहीन आवाज. मी कान लावून ऐकलं. तो म्हणत होता, "बागिलु हाकु, बागिलु हाकु," आणि मधूनच मराठीत, "पाणी आत येऊलालंय." दार लाव, असं कुणाला तरी कानडीत सांगत होता. खानापूरच्या पोराच्या तोंडात दोन्ही भाषा असणारच. मी डॉक्टरांना म्हटलं, सर, हे शब्द आहेत. संदर्भाला सोडून आहेत, पण शब्द आहेत. त्यांनी दोन खोडून तीन केलं. एका आकड्याने फार काही बदलत नाही, पण पेशंट खाली चाललाय की वर, हे त्या आकड्यांवरूनच कळतं, आणि पुढच्या तासाला मला 'सुधारणा' असा खोटा शेरा नको होता.

चारच्या सुमाराला चहा घ्यायला बाहेर आले. फोन बघितला तर आप्पांचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. तिकडे साडेसात वाजले होते.

झालं होतं ते असं. पलटणीचा फोन रात्रीच त्याच्या घरी गेला. हिंदीत. घरात आई एकटी, तिला कळले दोनच शब्द, 'सीरियस' आणि 'हॉस्पिटल'. शेजाऱ्याने पुढचं सांगितलं, त्याच्या पुढच्याने आणखी पुढचं, आणि पहाटेपर्यंत सुदानात लढाई पेटली, पोराला गोळी लागली, एकाने तर टीव्हीवर बघितलंसुद्धा. मग कुणाला तरी आठवलं, आप्पांची पोरगी तिथंच हॉस्पिटलात आहे की! म्हातारीला मोटरसायकलवर मध्ये बसवून आणलं, यल्लम्माचा भंडारा पदराला बांधलेला, आणि आता ती आमच्या सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. चहाला हात लावत नव्हती.

"तेवढं सांग गे बाई," आप्पा म्हणाले. "माझ्यानं त्यांच्या तोंडाकडं बघवना."

मी फोन ठेवला आणि कमांडिंग ऑफिसरना उठवलं. नियम साधा आहे. पेशंटची माहिती घरच्यांना द्यायची ती डॉक्टरांनी, पलटणीच्या मार्फत. हा नियम मला तेव्हाही पटत होता आणि आजही पटतो. वॉर्डात बिहारचा पोरगा असता तर त्याच्या आईला सांगायला कोण गाववाली होती? आणि मी 'बरा होईल' म्हणायचं, नि दुपारी तो गेला तर? पण पहाटे चारला, आपल्याच सोप्यात बसलेल्या बाईला हे सांगायचं म्हणजे तोंडातून शब्द फुटत नाहीत. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, उपचार चालू आहेत एवढं सांगा, आकडा नाही, अंदाज नाही. तिकडच्या वेळेने दहाला मी स्वतः फोन करतो, तुम्ही शेजारी उभं राहून मराठीत सांगा.

आप्पांनी फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, तो आमच्या वॉर्डात आहे. गोळी-बिळी काही लागलेली नाही. ताप डोक्यात गेलाय. उपचार चाललेत. दहा वाजता मोठे डॉक्टर फोन करतील."

"तू बघूलालीस न्हवं त्याला?"

"होय."

"मग तूच सांग की. वाचतंय काय न्हाई?"

"दहा वाजता डॉक्टर सांगतील, काकू."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मागे आमची म्हैस ओरडत होती. मग आप्पांनी फोन बंद केला. माझा चहा निवून गेला होता, आणि सव्वापाचचा डोस काढायची वेळ झाली होती.

दुसऱ्या डोसनंतर साखर टिकायला लागली. साहेबांनी बोलल्याप्रमाणे फोन केला, मी भाषांतर केलं, शब्दाला शब्द, एकही जास्त नाही. दुपारी ऊन पडलं तेव्हा हेलिकॉप्टरची विचारणा झाली, पण तोवर तो हाकेला डोळे उघडू लागला होता आणि हलवण्यापेक्षा इथेच ठेवणं बरं, असं ठरलं. संध्याकाळी तिसरा डोस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चमच्याने पाणी घेतलं, माझी नावाची पट्टी वाचली, आणि आडनावावरून म्हणाला, "मॅडम, तुम्ही आमच्याकडल्या काय?"

गोळ्यांचं त्याने नंतर सांगितलं. मलेरिया होऊ नये म्हणून आठवड्याला मेफ्लोक्विनची गोळी असते, सगळ्यांनी रांगेत उभं राहून घ्यायची. ती घेतली की त्याला रात्री घाणेरडी स्वप्नं पडायची: मलप्रभेचं पाणी घरात शिरतंय आणि दार लागत नाही. म्हणून तो गोळी गालात धरायचा आणि कोपऱ्यावर थुंकायचा. स्वप्नं पडतात हे खरंच आहे, औषधाचा तो माहीत असलेला त्रास आहे. डॉक्टरकडे येऊन सांगितलं असतं तर रोज घ्यायची डॉक्सिसायक्लिन मिळाली असती. पण स्वप्न पडतं म्हणून एमआय रूमला, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, कोण जवान जातो? त्यानंतर गोळीच्या दिवशी मी स्वतः जाऊन उभी राहू लागले. पाणी प्यायचं, तोंड उघडायचं, जीभ वर. मोठमोठे हवालदार शाळेतल्या पोरांसारखे कुरकुरायचे, आणि स्वप्नांची तक्रार घेऊन आणखीही काही जण आले. आर्टेसुनेटनंतर काही आठवड्यांनीही रक्त घटू शकतं, म्हणून या पठ्ठ्याचं हिमोग्लोबिन महिनाभर तपासत राहिले. मला बघितलं की तो दुसऱ्या वाटेने जायचा.

मिशन संपवून सुट्टीवर आले तेव्हा आप्पांबरोबर त्याच्या घरी गेले. म्हातारीने पाट मांडला, ओटी भरली, रताळ्यांचं पोतं आधीच बांधून ठेवलेलं. मग समोर बसून म्हणाली, "तू एक शब्द बोलली न्हाईस त्या दिवशी. तुझ्या बापानं सांगितलं, पोरगी म्हणाली बरा व्हतंय म्हणून, तवा मी चार घास खाल्ले."

मी आप्पांकडे बघितलं. ते दाराबाहेर बघत होते. असं मी कधीच म्हटलं नव्हतं, आणि फोन बंद केल्यावर त्यांनी काय सांगितलं हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. नोकरीच्या हिशेबाने ते चूकच. मी त्यांना त्यावरून काही बोलले नाही, बोलणारही नाही.

निघताना म्हातारी फाटकापर्यंत आली. धाकट्याची भरती होती, मराठा सेंटरला. "तेवढं साहेबाला सांगून सोड बाई."

मी म्हटलं, काकू, भरतीत माझं काही चालत नाही, त्याला पळायला सांगा.

"व्हय व्हय," ती म्हणाली, "तू काय बोलणार न्हाईस, ठावं हाय मला," आणि आप्पांकडे वळली.