तुम्ही विचारलंत म्हणून: दारामागची पिशवी

आमच्या दारामागे खुंटीला एक निळी पिशवी टांगलेली असते. घरी येणाऱ्याची नजर चप्पल काढताना तिच्यावर जाते. "काकू, गावाला निघालात का?" मी सांगते, नाही, ही अडचणीच्या वेळी उचलून निघायची पिशवी आहे. मग दुसरा प्रश्न येतो, आणि तो बहुतेक वेळा आवाज खाली आणून येतो: "म्हणजे खरंच काही मोठं होणार आहे का? जग बुडणार असं वाटतं तुम्हाला?" करोनानंतर हे विचारणं वाढलं. मे २०२५ मध्ये देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तेव्हा सोसायटीतल्या तिघी एकाच संध्याकाळी विचारून गेल्या. दारात उभ्या उभ्या अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहिते.

जग बुडायची पहिली तारीख मी सात वर्षांची असताना आली. ३ फेब्रुवारी १९६२. अष्टग्रही. केतूसकट आठ ग्रह मकर राशीत जमणार होते आणि पाच तारखेच्या अमावास्येला सूर्यग्रहण होतं. देशभर यज्ञ आणि जप चालले होते. आम्ही तेव्हा निफाड तालुक्यात चांदोरीला, अगदी गंगेच्या काठी राहायचो. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) मोठी माणसं हळू बोलत होती आणि आम्हा पोरांना कुणी रागवत नव्हतं. त्यावरूनच मला कळलं की काहीतरी फार वाईट होणार आहे.

माझी आजी रडणाऱ्यांतली नव्हती. तिनं ठरवलं, सगळ्यांनी जायचंच आहे तर कुणी उपाशी जायला नको. भिंतीतलं धान्याचं बळद उघडलं आणि तीन दिवस वाड्यात पंगत बसवली. भाकरी, पिठलं, ठेचा. गावातलं जो येईल त्याला. शेवटच्या दिवशी धान्य कमी पडलं तेव्हा तिनं माळ्यावरचं मडकं खाली घेतलं. त्यात राखेत घोळवलेली बाजरी होती, मृगाला पेरायची. राख पाखडून काढली, बाजरी धुऊन वाळवली आणि दळली. ती भाकरी मी खाल्ली आहे.

सहा तारखेला सकाळी म्हशीची धार काढायची होतीच. दिवस नेहमीसारखा उगवला. जूनमध्ये आजोबांना बी सवाईनं आणावं लागलं, म्हणजे एक पायली घ्यायची आणि सुगीला सव्वा पायली परत द्यायची. आजीनं ज्योतिषाला कधी दोष दिला नाही. पण पुढे आम्हाला मनूची आणि माशाची गोष्ट सांगताना ती एका जागी थांबायची. मासा मनूला सांगतो, प्रलय येतोय, नाव बांध, सप्तर्षींना घे आणि सगळ्या प्रकारचं बी घे. आजी म्हणायची, "त्याला तर खुद्द देवानं सांगितलं होतं, तरी त्यानं बी राखलं. मी मात्र दळून खाल्लं."

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर बरंचसं त्या मडक्यात आहे.

तारखा नंतरही आल्या. १९७९ मध्ये अमेरिकेची स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून लोक धास्तावले होते. ती ११ जुलैला हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. १९९९ च्या डिसेंबरअखेरीला संगणक कोलमडणार होते. २१ डिसेंबर २०१२ ला माया लोकांची कालगणना संपणार होती. खरं तर तेव्हा त्यांचा १,४४,००० दिवसांचा तेरावा कालखंड पुरा होत होता, गाडीच्या मीटरवरचे आकडे पुन्हा शून्यावर यावेत तसा. ज्यांना आपल्या शास्त्रात काय आहे ते हवं असतं त्यांना मी पूजेचा संकल्प ऐकायला सांगते. गुरुजी दर वेळी "कलियुगे प्रथमचरणे" म्हणतात. कलियुग ४,३२,००० वर्षांचं धरलेलं आहे आणि परंपरेच्या हिशेबानं ते इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये सुरू झालं. आपण अजून त्याच्या उंबरठ्यातच आहोत.

पण या भीतीला मी खोटं म्हणत नाही. प्रलय झालेले आहेत. आपण ज्या काळ्या दगडावर राहतो, ज्यात पांडवलेणी कोरली, ज्याचे ब्रह्मगिरी आणि अंजनेरी उभे आहेत, तो सगळा लाव्हा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर वाहत आला आणि आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. त्याच सुमारास मेक्सिकोजवळ मोठा अशनी आदळला आणि डायनासोर संपले. लोणारचं सरोवरही आकाशातून पडलेल्या दगडानंच झालं. तेव्हा पृथ्वीला काही होऊच शकत नाही, असं नाशिकच्या माणसानं तरी म्हणू नये.

आता २००८ चं सांगते, कारण पिशवी तेव्हापासूनची आहे.

आमचं भांड्यांचं दुकान भांडीबाजारात होतं आणि राहायला आम्ही वरच्या मजल्यावर. त्या वर्षी १० सप्टेंबरला जिनिव्हाजवळचं अवाढव्य यंत्र सुरू होणार होतं. प्रोटॉनची टक्कर होईल, कृष्णविवर तयार होईल, पृथ्वी गिळली जाईल, असं टीव्हीवर चाललं होतं. गल्लीतली पोरं रडकुंडीला आली. एका शेजारणीनं मुलाला शाळेत पाठवलं नाही. त्या यंत्राच्या काळजीनं आमची गल्ली रात्रभर जागी होती, आणि नाशिकच्या वरचं गंगापूर धरण किती भरलंय हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, गंगेला महापूर आला.

त्या दिवशी आम्ही दोघं पूर बघायला गेलो होतो. नाशिकची ही जुनी सवय आहे. छत्र्या घेऊन, पोरांना खांद्यावर बसवून लोक पुलावर जातात आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं ते बघतात. आम्ही गेलो तेव्हा छातीला लागलं होतं. बघितलं, घरी आलो, चहा केला.

माझ्या सासऱ्यांनी १९६९ चा पूर पाहिला होता. त्यांचा नियम होता: मारुतीच्या कमरेला पाणी आलं की खालच्या फळीवरचा माल वर, छातीला आलं की वीज बंद करून म्हातारी माणसं आणि पोरं हलवायची, गळ्याला आलं की दुकानाकडे वळून बघायचं नाही. ते असते तर आम्हाला चहा प्यायला मिळाला नसता. पण ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मारुती आम्ही पाहिला, पण त्यानं काय सांगितलं ते ऐकलं नाही.

दुपारी पाणी उंबऱ्याशी आलं आणि बघता बघता गल्ल्याच्या वर गेलं. पितळी हंडे आम्ही जिन्यानं चढवत होतो; ते जड, आणि खरं तर पाण्यानं त्यांचं फारसं बिघडणार नव्हतं. बिघडणार होतं ते गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये होतं: यजमानांच्या मधुमेहाच्या गोळ्या, रेशनकार्ड, विम्याचे कागद. ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेजारच्या तळमजल्यावरच्या आजींना तालमीतल्या मुलांनी खुर्चीत बसवून वर आणलं. रात्रभर अंधार, मोबाइल मेलेले, टॉर्चमध्ये सेल नाहीत. यजमानांना घाम फुटत होता आणि जवळ गोळी नव्हती. मी त्यांचा हात धरून बसले होते. त्या रात्री मला जग बुडताना दिसलं, आणि ते जग पंधरा फूट रुंदीच्या गल्लीएवढं होतं.

त्याच १९ तारखेला त्या जिनिव्हाच्या यंत्रातही बिघाड होऊन हेलियम गळालं आणि ते वर्षभराहून अधिक काळ बंद पडलं, हे मी फार नंतर वाचलं.

म्हणून मी तारखेवर विश्वास ठेवत नाही, मोजमापावर ठेवते. तारीख आली की एक तर ती खोटी ठरते किंवा आपण उरत नाही. मधे हातानं करण्यासारखं काही नसतं. आजीनं तेच केलं, जे होतं ते वाटून मोकळी झाली. मारुती तारीख देत नाही. नारोशंकराच्या देवळाची घंटा, सरकारवाड्याच्या पायऱ्या, या पुराच्या जुन्या खुणाही देत नाहीत. पाणी आता इथवर आलंय एवढंच त्या सांगतात, आणि तेवढ्यावरून काय उचलायचं, कुणाला हलवायचं ते ठरवता येतं. २०१६ मध्ये एप्रिलात रामकुंड कोरडं पडलं होतं आणि ऑगस्टात त्याच गंगेला पूर आला. तो कुठल्या तारखेत बसणार?

आकाशातल्या दगडांचंही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये २०२४ वायआर४ नावाचा लघुग्रह सापडला. २२ डिसेंबर २०३२ ला तो आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांवर गेली आणि काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आली. लोक म्हणाले, आधी घाबरवलं, मग पलटले. तसं नाही. सुरुवातीला त्याची वाट म्हणजे एक रुंद पट्टा असतो आणि त्या पट्ट्यात कुठेतरी पृथ्वी. निरीक्षणं वाढली की पट्टा अरुंद होतो. पृथ्वी त्यात असेतोवर टक्केवारी वाढते आणि पट्टा तिच्यावरून सरकला की एकदम घसरते. ते मारुतीकडे बघत राहणंच आहे. अपोफिस नावाचा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला, आपल्या घड्याळानं १४ तारखेच्या पहाटे, पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. आदळणार नाही, निदान पुढची १०० वर्षं तरी नाही, हे मोजून सांगितलेलं आहे. आणि २६ सप्टेंबर २०२२ ला एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फोस नावाच्या छोट्या लघुग्रहावर नासानं यान आदळवून त्याच्या फेरीचा वेळ अर्ध्या तासाहून जास्त कमी करून दाखवला. हे वाचून मला आजीची फार आठवण झाली.

अमेरिकेत काही श्रीमंत लोक क्षेपणास्त्रांच्या जुन्या भुयारांत घरं विकत घेतात. ते माझ्या उपयोगाचं नाही. मला जवळचं वाटतं ते नॉर्वेच्या स्वालबार्डमधलं बियाण्यांचं कोठार. ते २००८ मध्ये उघडलं, आणि सीरियातल्या युद्धामुळे २०१५ मध्येच त्यातलं बी परत मागून घ्यावं लागलं. त्याहून जवळच्या आपल्या अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे, ज्यांनी गावठी बी घरात सांभाळलं. याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: बेगमी. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, कडुलिंबाचा पाला घालून भरलेला गहू. आपल्या आया-आज्या भाकितं न ऐकता दर मे महिन्यात हे करतच होत्या. मार्च २०२५ मध्ये युरोपियन युनियननं लोकांना ७२ तास पुरेल एवढं घरात ठेवा असं सांगितलं, तेव्हा मला ते काही नवं वाटलं नाही.

आता पिशवीत काय आहे तेही विचारता, म्हणून सांगते. आठवड्याच्या गोळ्या, आणि त्यांची नावं कागदावर. रेशनकार्ड, आधार, विमा, बँक यांच्या प्रती प्लास्टिकमध्ये. टॉर्च, सेल वेगळे काढून ठेवलेले. शिट्टी, दोरी, छोटा रेडिओ, सुट्ट्या नोटा, हातानं लिहिलेले दहा फोन नंबर. सातूचं पीठ आणि गूळ, कारण त्याला चूल लागत नाही. मीठ-साखर: उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्याला चहाचे सपाट सहा चमचे साखर, त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. स्वयंपाकघरात वीस लिटरचा पाण्याचा कॅन असतो; दोघांना तीन दिवस, माणशी रोज तीन लिटर. पिशवीवर पिन लावलेला एक कागद आहे, त्यावर सासऱ्यांचा नियम आणि आमच्या जिन्यातल्या ज्या दोघांना चालता येत नाही त्यांचे मजले लिहिले आहेत. सामान विसरलं तर चालेल, हा कागद वाचायचा.

आणि अगदी तळाशी मूठभर बाजरी असते, राखेत घोळवलेली. ती खायची नाही. दर वर्षी मृगाच्या आधी भाऊ चांदोरीहून नवी आणून देतो, मग जुनी मी गॅलरीतल्या कुंड्यांत पेरते. यंदा नऊ ताटं उगवली आहेत. कणसं दुधात आली की चिमण्या येतील, म्हणून दोन कणसांना आत्तापासूनच जुन्या ओढणीचं फडकं बांधून ठेवलंय.