खोक्यावरचा आकडा नको, पाठीवरचा बघा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात कासवाला यूव्हीबी दिव्याची (उन्हातल्या, अंगात ड३ जीवनसत्त्व तयार करणाऱ्या अतिनील किरणांचा दिवा) खरी गरज पडते ती पावसाळ्यात. आपण साधारण १६ अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहोत. मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मेमधलं ऊन मिळतं, ऑगस्टमधलं ढगातच जातं. अथणी-रायबागकडे उघडीप तरी असते. खानापूर-जांबोटीकडे एकदा झड लागली की आठ-आठ दिवस परसात ऊन उतरत नाही. म्हणून दिव्याची निवड आणि मोजणी मे महिन्यातच उरकून घ्यावी.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं तारा कासव घरात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. लक्ष्मी येते म्हणून कुणी दिलं असेल तरी गुन्हाच. असं कासव घरात असेल तर ते वनखात्याकडे द्या, त्याच्यासाठी दिवा घेऊ नका. खाली लिहिलंय ते सल्काटासारख्या (आफ्रिकेतलं मोठं जमिनीवरचं कासव) परदेशी कासवांबद्दल. त्यांचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

आता मोजणी. खोक्यावर '१०.०' किंवा '१२ टक्के' लिहिलेलं असतं. दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशात यूव्हीबीचा वाटा किती, एवढंच त्यातून कळतं. कासवाच्या पाठीवर किती पोचतं ते त्यातून कळत नाही. ते यूव्हीआय, म्हणजे अतिनील किरणांच्या तीव्रतेचा आकडा, मोजणाऱ्या मीटरवरच कळतं. सरपटणारे प्राणी पाळणारे बहुतेक जण यासाठी सोलरमीटर ६.५ वापरतात. मीटर महाग आहे, पण रोज लागत नाही. चार-पाच जणांनी मिळून एक घेतला तरी सगळ्यांचं भागतं.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त 'यूव्ही मीटर' बहुतेक यूव्हीए (ड३ साठी उपयोगी नसलेले दुसऱ्या जातीचे अतिनील किरण) आणि यूव्हीबी एकत्र मोजतात, आणि त्या बेरजेवरून कासवाबद्दल काहीच ठरवता येत नाही. मीटर कोणत्या जातीचा आहे हे ओळखायला फोटोफ्रेमची साधी काच पुरते. स्वच्छ उन्हात मीटर सूर्याकडे धरा, आकडा बघा, मग मध्ये काच धरा. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते, यूव्हीए बरंचसं जाऊ देते. यूव्हीआयचा मीटर असेल तर आकडा शून्याजवळ येतो. काच धरूनही आकडा मोठाच राहिला तर तो मीटर या कामाचा नाही. हीच काच नंतर दिव्याखाली धरून बघा. चांगल्या मीटरवर दिव्याचा आकडाही असाच कोसळला पाहिजे. जांभळा उजेड देणारे बरेच 'यूव्हीबी' एलईडी बल्ब इथेच उघडे पडतात. काच नसतानाच मीटर हलत नाही, कारण ते फक्त यूव्हीए देतात, नोटा तपासायच्या टॉर्चसारखं.

सल्काटाला ऊन खायच्या जागी, पाठीच्या उंचीवर, यूव्हीआय ३ ते ४ मिळाला की पुरे. मार्चमध्ये आपल्याकडे स्वच्छ आकाशाला सकाळी नवाच्या सुमारास साधारण एवढंच असतं. दिव्याखालच्या जागेपासून लांब जावं तसा तो कमी होत शून्यावर यायला हवा, म्हणजे कासवाला हवं तेव्हा सावलीत जाता येतं.

नवा दिवा लगेच मोजू नका. पहिल्या शंभर तासांत तो जास्त जोर दाखवतो आणि मग स्थिरावतो. तेवढे तास कासवाशिवाय जळू द्या. नंतर प्रत्येक मोजणीआधी अर्धा तास पेटलेला राहू द्या. अंतर नळीपासून पाठीपर्यंत धरायचं, जमिनीपर्यंत नाही. ही चूक सगळ्यात जास्त होते. जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर टांगलेली नळी १५ सेंटिमीटर उंच कासवाच्या पाठीपासून २५ सेंटिमीटरवरच असते, आणि तिथला आकडा जमिनीवरच्या आकड्याच्या कितीतरी वर असतो. पट्टी उभी धरून २०, २५, ३०, ३८ आणि ४५ सेंटिमीटरवर, नळीच्या मध्याखाली आणि टोकाखाली वेगवेगळं मोजा. टोकांना उजेड कमीच असतो. वर जाळी असेल तर जाळीसकट मोजा, बारीक जाळी तिसरा हिस्सा ते निम्मं सहज खाते.

प्रकारांमध्ये आपल्या भागासाठी माझी पसंती टी५ एचओ नळीला (टी५ म्हणजे बारीक नळी, एचओ म्हणजे जास्त जोराची). १२ टक्क्यांची, रिफ्लेक्टर लावलेली आणि मध्ये जाळी नसलेली नळी असेल तर ३८ ते ४५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात मोजायला सुरुवात करा, हवा तो आकडा साधारण तिथेच सापडतो. उजेड लांबट पट्ट्यात पडतो, त्यामुळे कासवाचं अख्खं अंग त्यात येतं. जुनी जाड टी८ नळी चालते, पण ती २०-२५ सेंटिमीटरपर्यंत खाली आणावी लागते आणि मोठ्या कासवाची पाठ तिला घासते. पिळाच्या सीएफएलसारखा कॉम्पॅक्ट बल्ब अगदी जवळ तीव्र आणि वीतभर लांब गेलं की नुसता मिणमिणता. तो कधीही बाजूने लावू नका. कासवाच्या भुवईची कड वरून येणारा उजेड अडवते, बाजूचा थेट डोळ्यात जातो. डोळे सुजून मिटलेले दिसले तर आधी दिवा बंद करा, मग डॉक्टर गाठा.

मर्क्युरी व्हेपर बल्ब ऊब आणि यूव्हीबी दोन्ही देतो, म्हणून मोह होतो. पण पावसाळ्यात आपल्याकडे लाइट येते-जाते, व्होल्टेज घसरतं. व्होल्टेज जरा पडलं की हा बल्ब विझतो आणि पुरता गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा असं झालं तर त्याचं आयुष्यही घटतं. शिवाय एकाच कंपनीच्या, एकाच वॅटच्या दोन बल्बांचे आकडे वेगळे निघतात, म्हणजे मीटरशिवाय हा लावूच नये. परदेशातून मागवताना २३० व्होल्टचाच आहे ना बघा. १२० व्होल्टचा इथे लावला तर उडणारच. आणि होल्डर आपला नेहमीचा खाचेचा चालत नाही, आट्यांचा ई२७ लागतो, तोही चिनी मातीचा. प्लॅस्टिकचा उष्णतेने वितळतो.

टी५ घेताना खरा घोळ चोकमध्ये होतो. खडेबाजारात 'टी५ पट्टी द्या' म्हटलं की बहुधा एलईडीची पट्टी हातात पडते. तिच्यात यूव्हीबी नळी बसत नाही. जुन्या फ्लुरोसंट पट्टीत बसते, आणि तिथेच फसगत होते. २४ वॅटची एचओ नळी आणि १४ वॅटची साधी टी५ नळी, दोन्ही ५४९ मिलिमीटर लांब आणि टोकाच्या पिनाही सारख्याच. १४ वॅटच्या चोकवर एचओ नळी पेटते, पांढरा उजेडही देते, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. मीटर धरला की आकडा पडलेला दिसतो. तीच गत ३९ वॅट एचओ आणि २१ वॅट साध्या नळीची, दोन्ही ८४९ मिलिमीटर. चोक उलटा करून त्यावरचं वाचा. २४ किंवा ३९ वॅट आणि एचओ लिहिलेलं असेल तरच घ्या.

नुसतं यूव्हीबी देऊन भागत नाही. कातडीत तयार झालेल्या कच्च्या घटकाचं ड३ जीवनसत्त्व व्हायला अंगात ऊब लागते. जुलैत घरात बावीस-तेवीस अंश असताना गार कासव नळीखाली बसून राहिलं तर फायदा थोडाच. हॅलोजन स्पॉट नळीच्या शेजारी असा लावा की दोघांचा उजेड एकाच जागी पडेल, आणि त्या जागी पाठीच्या उंचीवर ३५ अंशांच्या आसपास तापमान ठेवा. कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेस कोपऱ्यात ठेवला की कासव आपसूक कुरतडतं.

नळीच्या टोकावर मार्करने तारीख आणि पहिला आकडा लिहून ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा नळी बंद करून, गार झाल्यावर, कोरड्या सुती फडक्याने पुसा आणि पुन्हा मोजा. आकडा उतरला की नळी दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या. पहिल्या आकड्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने पडला की बदला. टी५ वर्षाने बदला असं सांगतात ते रोज जाळणाऱ्यांसाठी. रोज दहा तास धरले तर वर्षाला साडेतीन हजारांवर तास होतात. जून ते सप्टेंबर जाळली तर बाराशेच्या आसपास. ऑक्टोबरात नळी काढून कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि पुढच्या मेमध्ये कासवाला तिच्याखाली बसवण्याआधी पुन्हा त्याच अंतरावर मोजा.